निवृत्तीनंतर वारीचे गाऱ्हाणे आमदारांपर्यंत : खर्च किती, तयारी काय?

तरडगावच्या मुक्कामी रात्री अडीच वाजता फिरत्या शौचालयासमोर आम्हा बायकांची रांग लागली होती. दाराला आतून कडी नव्हती. आत गेलेल्या बाईसाठी बाहेरची बाई दार हाताने ओढून धरायची, मग तिच्यासाठी तिच्या मागची. माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी होत्या. आत जाताना म्हणाल्या, "माउली, जरा घट्ट धरा हां, माझ्या हातात तांब्या आहे." दिवा नव्हताच. टँकरची तोटी त्यांच्या खांद्याच्या वर, त्यामुळे तांब्याही दुसऱ्या कुणी भरून दिलेला.

त्याच वर्षी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. पंढरपूरहून परतले आणि ठरवले : कडी, दिवा आणि खालची तोटी या ३ गोष्टींसाठी आमदारांचे दार वाजवायचे. तेव्हापासून दिंडीतली निम्मी निवृत्त मंडळी मला विचारतात, "बाई, याला पैसे किती लागतात? संस्था काढावी लागते का? ओळख लागते का?" म्हणून हा हिशेब जसा झाला तसा मांडते.

संस्था काढावी लागत नाही. नोंदणी करायची तर किमान ७ सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षीचे हिशेबपत्रक हे सगळे मागे लागते. निवेदन द्यायला यातले काहीच नको. मतदार म्हणून तुमची सही पुरते. निवेदनाला स्टॅम्पपेपर लागत नाही, प्रतिज्ञापत्र लागत नाही. "नोटरी करून देतो, वजन पडेल" असे कुणी म्हणाले तर ते पैसे वाचवा.

निवृत्तीनंतरच हे काम का सोपे जाते, तेही सांगते. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत वर्तणूक नियम असतात, लोकप्रतिनिधींकडे जाताना दहा वेळा विचार करावा लागतो. निवृत्तीनंतर ते ओझे उतरते. शिवाय फायली कशा चालतात हे आपण आयुष्यभर पाहिलेले असते.

आता पहिल्या वर्षाचा खर्च. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे, सातारा आणि सोलापूर या ३ जिल्ह्यांतून जाते. एका आमदाराला भेटून भागत नाही. आळंदी खेडमध्ये, सासवड-जेजुरी पुरंदरमध्ये, लोणंद वाई मतदारसंघात, तरडगाव फलटणमध्ये, नातेपुते-वेळापूर माळशिरसमध्ये. मी या ५ आमदारांना, ३ जिल्हाधिकाऱ्यांना आणि ३ जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अशी ११ निवेदने पाठवली. स्पीड पोस्टला जीएसटीसह प्रत्येकी साधारण ५५ रुपये धरा, म्हणजे ६०५. मराठी टायपिंग ४ पानांचे १६०, झेरॉक्स २४०. माहिती अधिकाराचे ३ अर्ज, प्रत्येकी १० रुपये. एकाला मुदतीत उत्तर आले नाही, त्याच्या पहिल्या अपिलाला २० रुपये. मिळालेल्या ६४ पानांचे, पानाला २ रुपयांप्रमाणे, १२८. आमदारांच्या कार्यालयांत जाऊन येण्याचे ९०० आणि मुंबईच्या २ फेऱ्यांचे १,२०० रुपये. इथपर्यंत सव्वातीन हजारांच्या थोडे वर.

उरलेला मोठा खर्च एकच, नागपूर. हिवाळी अधिवेशन तिथे होते. पुण्याहून स्लीपरने जाऊन येऊन हजाराच्या आसपास, ३ रात्री लॉजचे २,१००, चार दिवसांचे जेवण १,०००, रिक्षा ६००. म्हणजे ४,७००. सगळे मिळून वर्षाचे आठ हजारांच्या आत. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी नागपूरला जाऊच नका. अधिवेशनात आमदार घाईत असतात आणि विधानभवनाच्या आत जायला पास लागतो. तेच आमदार शनिवारी-रविवारी सकाळी आपल्या गावच्या कार्यालयात दहा मिनिटे बसून ऐकतात. नागपूरला जायचे ते तुमचा विषय सभागृहात लागल्यावर. राहण्यासाठी आमदार निवासातली खोली कुणी देऊ केली तरी घेऊ नका. ज्यांच्याकडे मागणे मागायचे, त्यांच्या खोलीत झोपायचे नाही.

प्रवासात सवलती आहेत, त्या नीट घ्या. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ ला अर्धे तिकीट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२०मध्ये गेली. आरक्षण करताना वय नीट भरले तर खालचा बर्थ मिळायची शक्यता तेवढी असते. गुडघे दुखणाऱ्यांना तीही मोठी गोष्ट.

निवेदन एका पानाचे असावे. मी पहिले निवेदन ४ पानांचे लिहिले होते, त्यात संतांचा महिमा होता, वारीचा इतिहास होता. एका आमदारांच्या स्वीय सहायकांनी ते हातात घेतले, पान उलटले आणि विचारले, "माउली, नेमके पाहिजे काय?" मी घरी आले आणि पुन्हा लिहिले. गावाचे नाव, मुक्कामाची तारीख, शौचालये किती होती, किती दारांना कडी नव्हती, दिवा होता का, तोटी किती उंचीवर. खाली एकच मागणी : पुढच्या वर्षीच्या निविदेत या ३ अटी घाला. सोबत कडी नसलेल्या दाराचा एक फोटो. आत कुणी माणूस दिसत नाही असाच फोटो घ्या, हे आवर्जून सांगते. पुढच्या भेटीत ते सहायक फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझी आईपण जाते वारीला."

पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. एका कार्यालयात "नंतर मारून ठेवतो" म्हणाले आणि मी भिडेपोटी उठले. दोन महिन्यांनी त्यांच्याकडे माझ्या निवेदनाची नोंदच सापडली नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमदार काय करू शकतात हे माहीत असले तर मागणे नेमके होते. ते तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना देऊ शकतात, औचित्याचा मुद्दा मांडू शकतात, विनंती अर्ज समितीकडे विषय नेऊ शकतात. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा आहेत. आपला आमदार ऐकत नसेल तर परिषदेतले सदस्य आहेत. प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून तुमचा कागद त्यांच्या हाती महिना-दीड महिना आधी पडला पाहिजे. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो. त्यातून पक्के स्वच्छतागृह मागता येते, पण मग त्याची देखभाल कोण करणार हे ग्रामपंचायतीकडून लेखी घेऊन जा.

आता ज्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही ते. शाल, श्रीफळ, हार, फ्लेक्स. एका ज्येष्ठ वारकऱ्यांनी आमदारांच्या सत्काराला आठ हजार घातले, माझ्या अख्ख्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त, आणि मागणीचा कागद द्यायचा राहून गेला. दिंडीच्या भिशीतून पैसे घेऊ नका. ती भिशी लोकांच्या जेवणाची आहे. दिंडीच्या नावाने लिहायचे असेल तर दिंडीप्रमुखांची लेखी संमती घ्या, नाहीतर खाली फक्त स्वतःचे नाव आणि "वारकरी" एवढेच लिहा. सगळ्या संप्रदायाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. आणि बैठक मंदिरात किंवा मठात ठेवू नका. १९८८च्या कायद्याने धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला बंदी आहे. लोकप्रतिनिधी आले की मागोमाग पक्षाचे झेंडेही येतात, म्हणून गावच्या शाळेचा व्हरांडा बरा.

काय मागावे याबद्दल माझे मत पक्के आहे. आपल्या मंदिराचा सभामंडप मागायला आमदारांकडे रोज माणसे येतात. आपण ते मागावे जे दुसऱ्या दिंडीच्या, दुसऱ्या धर्माच्या बाईच्याही उपयोगी पडेल. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले ते पाणी, झाडे आणि जमिनीसाठी. २००८मध्ये कीर्तनकार बंडातात्या कराडकर आणि वारकरी शिंदे-वासुलीच्या डाऊ केमिकल प्रकल्पाविरुद्ध उतरले. ती मागणी देहू-आळंदीच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येकाची होती. भक्तीमुळे माणसे उठली, पण लढली ती सगळ्यांच्या गोष्टीसाठी. वारीसाठी सरकारी योजनाही आल्या आहेत. राज्य महिला आयोगाची 'आरोग्यवारी' २०२२ पासून सुरू झाली, २०२४मध्ये दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर झाले. पैसा येतो. तो कडीपर्यंत पोचतो का, हे बघायला रांगेत उभे राहिलेले माणूस लागते.

पैशापेक्षा वेळ जास्त जातो. माझे पहिल्या वर्षी महिन्याला चार ते पाच दिवस गेले, त्यातला निम्मा वेळ बाकावर बसून वाट पाहण्यात. सोबत गोळ्या, पाण्याची बाटली, डबा न्या. एकट्याने जाऊ नका. दोघी गेलात तर एकीने बोलावे, दुसरीने लिहून घ्यावे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की निर्णय थांबतात, ते महिने माहिती अधिकाराचे अर्ज करण्यात घालवा.

कामाचे वर्ष असे धरा. आषाढीहून परतल्यावर आठ दिवसांत, आठवण ताजी असताना, गावोगावची नोंद वहीत उतरवा. श्रावणात माहिती अधिकार : कोणत्या मुक्कामी किती शौचालयांचा ठेका दिला, दर काय, अटी कोणत्या, तपासणी कुणी केली. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. दिवाळीच्या आसपास आमदारांच्या भेटी. जानेवारीत पुन्हा एकदा, कारण मार्चमध्ये अर्थसंकल्प असतो. चैत्रानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात पालखीच्या नियोजनाच्या बैठका सुरू होतात, तिथे आमदारांचे पत्र जोडून तीच मागणी पुन्हा द्या.

तिसऱ्या वर्षी तरडगावला आमच्या तळाजवळच्या ९ दारांना कड्या होत्या. तोटी अजून उंच आहे, ती यंदाच्या निवेदनात आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला लागणारी १० रुपयांची कोर्ट फी तिकिटे तहसील कार्यालयाजवळच्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतात. पाच-सहा एकदमच घेऊन ठेवा, तेवढ्यासाठी दुसरी खेप नको.