घरची बोली सोडू नका, इंग्रजीही येईल



अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे खान्देशातून, सुरगाणा-पेठकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबं आली. एकाच चाळीत अहिराणी, कोकणी, भोजपुरी ऐकू येते. पोरं शाळेत जायला लागली की बैठकीत हमखास प्रश्न येतो : "ताई, आता घरात आपली बोली बंद करू का? नाहीतर पोरगं इंग्रजीत मागं पडेल."

उत्तर आहे, बंद करू नका.

कारण सोपं आहे. भाकरीचे दोन सारखे भाग म्हणजे 'अर्धी', हे मूल तुमच्या बोलीत, तुमच्या चुलीजवळ शिकतं. मग शाळेत 'हाफ' हा फक्त नवा शब्द उरतो. अर्धी म्हणजे काय हेच कळलं नसेल, तर 'हाफ' नुसती घोकंपट्टी होते. समज एकदाच येते, शब्द मात्र कितीही भाषांत शिकता येतात.

आणखी एक. आपण अडखळत चार इंग्रजी शब्द बोललो, तर गप्पा 'ईट', 'सिट', 'कम'वरच थांबतात. शाळेत कुणी मारलं, पोटात का दुखतं, हे पोरगं मग कोणत्या भाषेत सांगणार?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलंय, की शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. आणि आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. म्हणून फीसाठी गटातून कर्ज काढण्याआधी हेही लक्षात घ्या.

"मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकवणार?" असं म्हणू नका. बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. खान्देशी बोलीतली त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, जपली. १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं.

रोज एवढं करा :

१. संध्याकाळी पोराला विचारा, "आज काय शिकलास?" तुमच्या बोलीत सांगू द्या.
२. भाजी निवडताना मोजायला, वेगळं करायला लावा. नंतर विचारा, "याला इंग्रजीत काय म्हणतात?" त्याला तुमचा गुरुजी होऊ द्या.
३. आजीकडून रोज एक गोष्ट, एक कोडं.
४. बोलीतून बोललं म्हणून हसू नका. शाळेत कुणी हसत असेल, तर दोघी-तिघी मिळून बाईंशी बोला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या बोलीतलं एक कोडं आणा. पोरांनाही सोबत घेऊन या, उत्तरं तेच देतील!