थॉमस स्टीफन्स यांची घरची पत्रे

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार ख्रिस्तसभा जागतिक मिशन रविवार म्हणून पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. त्या रविवारी आपण मिशनकार्यासाठी प्रार्थना करतो, दानाची पाकिटे देतो. परंतु मिशनरी रोज कसा जगतो, काय खातो, कशाला घाबरतो आणि आईवडिलांना काय लिहितो, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून या अभ्यासलेखासाठी आम्ही एका तरुण मिशनऱ्याची दोन पत्रे निवडली आहेत. पहिले वडिलांना लिहिलेले, दुसरे भावाला. लिहिणारे आहेत ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.

‘ख्रिस्तपुराण’ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे. पण तो ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला तेव्हा फादर साठी ओलांडलेले होते. ही पत्रे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. पहिले पत्र लिहिताना ते जेमतेम तिशीचे होते. गुरुदीक्षाही झालेली नव्हती, आणि मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता.

ते मूळचे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातले, वडील लंडनचे व्यापारी. त्या काळी राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथोलिक श्रद्धा उघडपणे पाळणे कठीण झाले होते. तरुण थॉमस रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. चार वर्षांनी भारतात जाण्याची आज्ञा झाली. इटलीहून पोर्तुगालला निघताना त्यांनी वडिलांना एक पत्र पाठवले होते. गोव्याहून लिहिताना ते त्याची आठवण देतात आणि म्हणतात की निघण्याचे कारण पुन्हा सविस्तर सांगण्याची गरज नाही, एका शब्दात सांगायचे तर आज्ञापालन. पत्राची सुरुवात मात्र या शब्दाने होत नाही. आधी वडिलांचा आशीर्वाद मागितला आहे, आईला नमस्कार कळवला आहे. आपल्याकडे ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहीत, तसाच हा मायना.

पत्रावर तारीख आहे १० नोव्हेंबर १५७९. ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजे निघाली होती. स्टीफन्स २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले, म्हणजे समुद्रावर साडेसहा महिने गेले. बदलापूरहून मुंबईच्या लोकलमध्ये दीड तास उभे राहून आपण कंटाळतो. मुलगा पोहोचला की नाही हे लंडनच्या त्या घराला किती काळाने कळले असेल, याचा हिशेब करून पाहावा. गोव्याची जहाजे साधारण डिसेंबर-जानेवारीत परत निघत आणि उन्हाळ्यात लिस्बनला लागत. लिस्बनहून नवी जहाजे सुटत ती पुढच्या वसंतात. म्हणजे या पत्राला वडिलांनी लगेच उत्तर दिले असते, तरी ते मुलाच्या हाती पडायला जवळजवळ दोन वर्षे लागली असती. संत फ्रान्सिस झेवियर सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या सह्या कापून जवळ बाळगत, असे आपण वाचतो. पत्रे इतकी दुर्मिळ असताना त्यात नवल वाटत नाही.

इतक्या दुर्मिळ पत्रात या मुलाने काय लिहावे? उपदेश फारच थोडा आहे. जहाजावर पुष्कळ लहान मुले होती आणि समुद्राचा त्रास ती मोठ्यांपेक्षा बरा सोसतात, असे ते लिहितात. मदेराजवळ एका इंग्रज जहाजाने त्यांच्यावर तोफा डागल्या, पण इजा झाली नाही. आपल्याच देशाचे इतके देखणे जहाज असल्या कामाला लागलेले पाहून त्यांना वाईट वाटले. विषुववृत्ताजवळ वारा पडला आणि जहाज दिवसचे दिवस जागच्या जागी राहिले. तिथल्या पावसाचे पाणी थोडा वेळ ठेवले तरी त्यात किडे पडत, टांगून ठेवलेल्या मांसावर पडले तर तेही किडे. पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे काहीतरी सुंदर तरंगत होते, आणि त्याला हात लावणे धोक्याचे होते. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर ज्या निळ्या विषारी प्राण्यांपासून लोकांना सावध करतात, त्यांच्याच जातीचे ते असावे. माणसाएवढ्या मुशी जहाजामागे येत आणि प्रत्येकीच्या भोवती निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे सहा-सात छोटे मासे राजाच्या सेवकांसारखे पोहत. मुलाने हे सगळे थांबून पाहिले आहे आणि वडिलांना दाखवायचे म्हणून लिहिले आहे.

पुढे आजारपण येते. आफ्रिकेचे टोक २९ जुलैला आले. उशीर झाल्याने जहाजाने मादागास्करच्या बाहेरून जाणारी लांबची वाट धरली. त्या वाटेवर ताजे अन्नपाणी मिळत नाही. लोकांच्या हिरड्या सुजून वाढत, त्या कापून टाकाव्या लागत, पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. आज आपण याला स्कर्व्ही म्हणतो. ताज्या भाज्या आणि फळे न मिळाल्याने, क जीवनसत्त्वाच्या अभावी ती होते. तेव्हा कारण ठाऊक नव्हते. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस मेले. इतर सफरींच्या मानाने हे नुकसान फारसे नाही असे जहाजावरचे लोक मानत, हेही त्यांनी लिहिले आहे. हे वाचून आईला काय वाटेल, याची जाणीव त्यांना असावी. लगेच ते सांगतात की अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध आपली प्रकृती संपूर्ण प्रवासात ठणठणीत राहिली, देवाच्या सेवेसाठी जमिनीवरही ती तशीच राहो. आमच्या मते सगळ्या पत्रात हे वाक्य सर्वात घरगुती आहे. मृत्यूंची संख्या लपवलेली नाही आणि धीरही दिलेला आहे. आखातातून किंवा बोटीवरून ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’ एवढेच कळवणारी आपली मुले, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे आपण, दोघांनीही हे पत्र वाचण्यासारखे आहे.

गोव्याबद्दल मात्र या पत्रात जेमतेम काही ओळी आहेत. लोक सावळे आहेत, बहुतेक साधी माणसे लहानसे वस्त्र नेसतात आणि आपण नटूनथटून मिरवतो तितकेच स्वतःला नीटनेटके समजतात, असे ते जरा मिस्कीलपणे लिहितात. द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड इथे दिसले नाही. झाडाफळांविषयी लिहायचे तर याच लांबीचे दुसरे पत्र लागेल, देवाने प्रकृती दिली तर पुन्हा लिहीन, असे म्हणून ते निरोप घेतात. नव्याने आलेला माणूस जसे पाहतो तसे हे पाहणे आहे. इथे काय आहे यापेक्षा घरचे काय इथे नाही, तेच आधी डोळ्यांत भरते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातील पुष्कळ कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. कोणी वसईहून, कोणी गोवा-मंगळूरहून, कोणी केरळातून, कोणी नगर जिल्ह्यातून. उल्हासनगर तर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले आणि १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. इथल्या कोणालाही ते पहिले दिवस समजावून सांगायला नकोत.

दुसरे पत्र चार वर्षांनंतरचे, २४ ऑक्टोबर १५८३ चे. योगायोगाने गोव्यात उतरले तीच तारीख. भाऊ रिचर्ड तेव्हा पॅरिसमध्ये होते. दोघेही विद्वान, म्हणून पत्र लॅटिनमध्ये आहे. एव्हाना थॉमस यांची गुरुदीक्षा होऊन ते गोव्याच्या साष्टी तालुक्यात काम करू लागले होते. (मुंबईची साष्टी वेगळी.) त्याच वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फो अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. स्टीफन्स यांनी त्यांचे मृतदेह परत मिळवण्यात भाग घेतला आणि भावाला ते सारे कळवले. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली या पाच जणांना धन्य घोषित केले. या घटनेला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोर्तुगीजांनी त्या भागातील देवळे पाडली होती, आणि या हत्येनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले.

एवढ्या दुःखाच्या वर्षी लिहिलेल्या पत्रात माडाचे वर्णन आहे. चार वर्षांपूर्वी पुढच्या पत्रावर ढकललेला विषय ते आता पुरा करतात. माडापासून तेल, ताडी, गूळसाखर, शिर्का होतो. काथ्याचे दोर वळतात, झावळ्यांनी झोपड्या शाकारतात, करवंटीचा कोळसा लोहार वापरतात. एका शहाळ्याचे पाणी प्यायल्यावर दुसऱ्याची इच्छा राहत नाही. ज्याला पूर्वी ओळखीचे झाड सापडत नव्हते, तो आता लोहाराच्या भात्यापर्यंत पोहोचला होता.

त्याहून आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो भाषेबद्दलचा मजकूर. इथल्या भाषांचा उच्चार कानाला गोड आहे, रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, वाक्प्रयोग तर थक्क करणारे आहेत, असे ते रिचर्डना सांगतात. युरोपातील भाषा आणि आपल्या भाषा यांच्यातील हे साम्य इतक्या लवकर नोंदवणाऱ्या थोड्या लोकांत त्यांची गणना होते. आणि पॅरिसच्या त्या पंडित भावाला ते चक्क बाराखडी समजावतात. इथले अक्षर म्हणजे एक ध्वनी नव्हे, पूर्ण उच्चार, आणि व्यंजनाला स्वर जोडावा तितकी त्याची रूपे होतात. आपण पहिलीत पाटीवर गिरवलेले ‘क का कि की’ त्या पत्रातून समुद्रापार गेले.

घरी ते कधीच परतले नाहीत. इंग्लंडमध्ये १५८५ च्या कायद्याने येशूसंघीय धर्मगुरूने देशात पाऊल ठेवणे हा राजद्रोह ठरला. वडिलांना लिहिलेले पत्र १५८९ साली रिचर्ड हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. मुलाची खुशाली कळवणारे पत्र अशा रीतीने लंडनच्या दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांच्या हाती पडले. स्टीफन्स साष्टीतच जवळजवळ चाळीस वर्षे राहिले आणि १६१९ साली गोव्यात वारले.

बाराखडी मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख क्लाउदिओ अक्वाविवा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीत मारले गेलेले रुदोल्फो हे त्यांचेच पुतणे. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस खिळ्यांवर भागते तिथे इकडे सहाशे साचे लागतात, अशी अडचण त्यांनी मांडली आणि त्यासाठी मदत मागितली. ते साचे काही झाले नाहीत. आठ वर्षांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते रोमन अक्षरांत.