बोटीवर जाऊ, पण पाण्यात उतरू का?



आपल्या पुष्कळ घरांतली मुले-नातवंडे आखातात नोकरीला आहेत. थंडीच्या दिवसांत ती आई-बाबांना महिनाभर बोलावून घेतात. मग एका संध्याकाळी मुलगा म्हणतो, "बाबा, सुट्टीच्या दिवशी बोटीने जाऊ. समुद्रगायी दिसतात, पक्षी दिसतात. तोंडाला नळी लावून पाण्यात डोकावलं की मासेही दिसतात." बाबा लगेच तयार होतात. अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाला समुद्राची भीती कशाला वाटेल?

बोटीवर जरूर जा. पाण्यात उतरायचे की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बोटीवर नव्हे, घरून निघण्याआधी ठरवायचे असते. आजचा पाठ त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून आपण बहरीनमधले अस्कर घेऊ.

जागा आणि ऋतू

अस्कर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचे मासेमारीचे जुने गाव. जवळच अल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. याच किनाऱ्याने दक्षिणेला गेले की अद्-दूरचा धक्का लागतो. तेथून हवार बेटांकडे बोटी जात आल्या आहेत. या बेटांवर सोकोत्रा पाणकावळ्यांची फार मोठी वसाहत आहे. आजूबाजूच्या उथळ पाण्यात सागरी गवत उगवते आणि ते खायला समुद्रगायी येतात. १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत बहरीन आणि कतार यांच्या मधल्या समुद्रात सहाशेहून अधिक समुद्रगायींचा एकच कळप दिसला होता. हे सगळे बोटीच्या बाकावर बसूनही पाहता येते, हे ध्यानात ठेवा.

जून ते सप्टेंबर हा काळ वयस्कांनी टाळावा. ऊन आणि दमटपणा दोन्ही असह्य असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा छान असते, पण उथळ समुद्र चांगलाच थंड होतो. थंड पाण्यात एकदम शिरले की रक्तदाब चढतो. बोटीसाठी थंडीचे दिवस चांगले. पाण्यात उतरायचेच असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

पाण्यात शरीराचे काय होते?

आपण पाण्यात शिरलो की पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयावरचा भार वाढतो. म्हणूनच पाण्यात गेल्यावर लघवीला लागते. त्यात तोंडाला नळी असली की प्रत्येक श्वास ओढायला जास्त जोर लावावा लागतो. तरुणाला हे जाणवतही नाही. ज्यांचे हृदय ताठरले आहे किंवा रक्तदाब जुना आहे, त्यांच्या फुप्फुसांत मात्र अशा वेळी आतूनच पाणी झिरपू शकते. बाहेरचे पाणी नाकातोंडात गेलेले नसते, तरी माणूस आतून बुडू लागतो.

हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना अनेक पर्यटक दगावले, तेव्हा तेथे याचा खास अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून पुढे आले ते असे: अनेकांनी आरडाओरड केली नाही, हातपाय मारले नाहीत. आधी अचानक दम लागला, मग अंगातले बळ गेले, मग शुद्ध हरपली. काठावरच्या लोकांना वाटले, आजोबा शांतपणे मासे बघत आहेत.

म्हणून हे एक वाक्य पाठ करा: पाण्यात दम लागला की थांबायचे. नळी काढायची, पाठीवर उताणे व्हायचे आणि हात उंचावून हाक मारायची. "थोडे थांबू, जाईल" असे म्हणायचे नाही.

कोणी पाण्यात उतरू नये?

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. न थांबता दोन जिने चढा. धाप लागली, छातीत दुखले किंवा भरून आले, तर तुमची जागा बोटीवर. शिवाय पुढील मंडळींनी आपल्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय उतरू नये:

१. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले.
२. हृदय कमजोर असलेले, झडपेचा दोष असलेले, पायांवर सूज येणारे.
३. रक्तदाब ताब्यात नसलेले.
४. दमा किंवा फिट येणारे.
५. नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, कानाच्या पडद्याला भोक असलेले.

परीक्षेत पास झालात तरी पहिली तालीम समुद्रात नको. कमरेइतक्या पाण्याच्या तलावात उभे राहून, तोंड पाण्यात घालून दहा मिनिटे नळीने श्वास घ्या. जमले नाही तर तिथेच उत्तर मिळाले. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका. अडचणीच्या वेळी तो झटकन निघत नाही. कवळी सैल असेल तर नळीचे तोंड दातांत धरता येत नाही, आणि कवळी समुद्रात गेली तर परत येत नाही.

निघण्याआधी

विमानातून उतरल्यावर दोन-तीन दिवस विश्रांती घ्या. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत आखातातले नियम कडक आहेत.

ज्यांना बोट लागते त्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. पण ती पहिल्यांदाच त्या दिवशी घेऊ नका. आधी घरी एकदा घेऊन पाहा. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदू असलेल्यांनाही त्या बाधू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन गुंगी आली असेल तर पाण्यात उतरू नका. आल्याचा तुकडा चघळणे बहुतेकांना चालते.

आता एक नाजूक गोष्ट. बोटीवर शौचालय नसेल म्हणून आपल्या आजी सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळीही परस्पर टाळतात. उन्हात यानेच चक्कर येते. बोट ठरवतानाच मुलांना शौचालय असलेली बोट बघायला सांगा. लाजू नका.

दुसरी गोष्ट जेवणाची. बोटीवर कोळंबी आणि इतर मासे एकाच जाळीवर भाजतात. आपण ते खात नाही आणि उपाशी राहतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलो तर साखर उतरते, आणि पाण्यात साखर उतरणे जिवावर बेतते. म्हणून घरचा डबा न्या: चपाती, उकडलेली अंडी, केळी, खजूर. खिशात साखरेची पुडी असू द्या. इन्सुलिन थंड डब्यात ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको.

बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शब्बाथ पाळणाऱ्यांनी शुक्रवारी सकाळची बोट ठरवावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी निवांत घरी पोहोचता येते. आणि जिवाला धोका असेल तर उपचार शब्बाथलाही थांबत नाहीत, हे आपल्याला शिकवलेलेच आहे. बहरीनमध्ये तातडीच्या मदतीचा क्रमांक ९९९.

बोटीवर आणि पाण्यात

वेगाने जाणारी बोट लाटेवर आपटते तेव्हा सर्वांत जास्त दणका पुढच्या टोकाला बसतो. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या मणक्याला त्याने चीर पडते. मागच्या बाजूला बसा, कठडा धरा. लाइफ जॅकेट चढल्यापासून उतरेपर्यंत अंगावर ठेवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि रबरी बूट हवेत. उथळ पाण्यात पाय ठेवताना काटेरी मासे आणि शेपटीने डंख मारणारे पाकट यांची भीती असते. डंख झालाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून दवाखाना गाठा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना खडकाचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो.

पाण्यात दहा मिनिटे पुरेत, तीही बोटीच्या शिडीजवळ. बाहेर येताना शिडीवर घाई करू नका. पाण्याचा दाब सुटला की रक्तदाब एकदम उतरतो आणि नेमकी तिथेच चक्कर येते. खालून एकाने आधार द्यावा, वरून एकाने हात.

सर्वांत महत्त्वाचे, तुमच्यावर नजर ठेवणारा एक माणूस ठरवा. त्याने त्या दहा मिनिटांत फोटो काढायचे नाहीत, मासे बघायचे नाहीत, फक्त तुम्हाला बघायचे. बहरीनच्या जुन्या मोती काढणाऱ्यांची हीच रीत होती. पाणबुडा नाकाला चिमटा लावून तळाशी जाई आणि त्याची दोरी बोटीवरच्या जोडीदाराच्या हातात असे. खालून हिसका बसला की जोडीदार क्षणात त्याला वर ओढी. त्या मोत्यांचा मोठा बाजार आपल्या मुंबईत भरत असे. एक एक मोती अशा राखणदाराच्या भरवशावर वर आला आहे. मग आपल्या आजोबांसाठी एक राखणदार नको का?

आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात जोडपी वाचली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. समुद्रातून सुखरूप परतलेल्याने देवाचे आभार मानावेत, अशी आपली रीतही आहे. बोटीवर बसून पाणकावळे बघून परतलेल्या आजीलाही तो आभार तितकाच लागू आहे. पाण्यात उतरले नाही म्हणून सहल अर्धी राहत नाही. "मी वरूनच बघते" हे वाक्य मान वर करून म्हणावे, आणि मुलांनी पुन्हा आग्रह करू नये.