घड्याळातले तीस अंश कुठे गेले?

प्रश्न : नात दहावीला आहे. तिला गंमत दाखवावी म्हणून बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी काढली, काटे काढून टाकले आणि पट्टीने दोन रेघा मारल्या. एक १२ पासून ५ पर्यंत, दुसरी १ पासून ८ पर्यंत. १२ आणि १ यांच्यात ३० अंश असतात हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पण रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोनमापक ठेवला तर ६० भरले. नात म्हणते, "आबा, समोरासमोरच्या कंसांची बेरीज करून निम्मे करायचे. सूत्रच आहे." सूत्र असेल, पण बेरीज का आणि निम्मे का? आणि रेघा केंद्रापासून किती दूर छेदतात, याचा सूत्रात पत्ताच कसा नाही?

उत्तर : कोनमापक बरोबर आहे आणि नातही बरोबर आहे. तुम्ही पाठ केलेले ३० अंशही खोटे नाहीत, फक्त ते केंद्राचे आहेत. घड्याळाचे काटे केंद्रात बसवलेले असतात, म्हणून त्यांच्यात तेवढाच कोन दिसतो. तुमच्या रेघा मात्र केंद्राच्या वर, किंचित उजवीकडे छेदतात. तिथून १२ ते १ हा तुकडा जवळ आहे, आणि जवळची वस्तू मोठी दिसते. खालचा ५ ते ८ हा तुकडा ९० अंशांचा असूनही लांब पडला, म्हणून लहान दिसतो. विरुद्ध कोन समान असल्यामुळे दोन्ही तुकड्यांना एकाच मापावर यावे लागते. ते माप ६०च का, एवढेच आता पाहायचे.

आधी एक घोटाळा निस्तरू. इथे कंसाचे 'माप' म्हणजे (कंस वर्तुळाचा, मथुरेचा नव्हे) त्याची सेंटिमीटरमधली लांबी नाही. कंसाची दोन टोके केंद्राशी जोडल्यावर जो कोन होतो, तेच त्याचे माप. त्यामुळे तबकडी मनगटी घड्याळाची असो की टॉवरवरची, १२ ते १ हा कंस ३० अंशांचाच.

आता 'निम्मे' कुठून येते ते बघा. डोळा १२च्या आकड्यावर ठेवून ५ ते ८ या कंसाकडे पाहा. १२ पासून केंद्रातून जाणारी रेघ थेट ६ वर उतरते. केंद्राला म म्हणू आणि १२, म, ८ हा त्रिकोण घेऊ. त्याच्या दोन बाजू त्रिज्याच आहेत, म्हणजे तो समद्विभुज; १२ पाशी आणि ८ पाशी सारखेच कोन. म पाशी ६ आणि ८ यांच्यामधला ६० अंशांचा कोन हा या त्रिकोणाचा बाह्यकोन, आणि बाह्यकोन म्हणजे दूरच्या दोन आंतरकोनांची बेरीज. दोन सारख्या कोनांची बेरीज ६०, तर १२ पाशी ३०. तसेच ५च्या बाजूला : केंद्रात ३०, तर १२ पाशी १५. एकूण ४५. म्हणजे केंद्रातून ९० अंशांचा दिसणारा कंस परिघावरून ४५ अंशांचा दिसला. केंद्र कोनाच्या आत न येता एका बाजूला राहिले तर बेरजेऐवजी वजाबाकी करायची, निष्कर्ष तोच. पाठ्यपुस्तकात याला अंतर्लिखित कोनाचे प्रमेय म्हणतात. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या तिसऱ्या भागातले २०वे विधान म्हणजे याच गोष्टीचे मूळ : पायाखाली तोच कंस असेल तर केंद्रातला कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट.

बेरजेसाठी तबकडीवर आणखी एकच रेघ मारा, १२ पासून ८ पर्यंत. छेदनबिंदूला प म्हणू. प, १२, ८ हा त्रिकोण तयार झाला. १ ते ८ ही रेघ प मधून जाते, म्हणून तुमचा साठ अंशांचा कोन हा या त्रिकोणाचा प पाशी असलेला बाह्यकोन आहे. दूरचे आंतरकोन दोन : ८ वरून १२ ते १ हा कंस दिसतो, त्याच्या ३०चे निम्मे १५, १२ वरून ५ ते ८ हा कंस दिसतो, त्याच्या ९०चे निम्मे ४५. बेरीज ६०. संपली सिद्धता. परीक्षेत एवढे लिहिले की पूर्ण गुण.

पण खरे सांगायचे तर ही सिद्धता पटते, दिसत नाही. मला दुसरी जास्त आवडते. १ ते ८ ही रेघ उचलून तिची दिशा न बदलता वर सरकवा, इतकी की तिचे वरचे टोक १ वरून १२ वर यावे. खालचे टोक आपोआप ८ वरून ९ वर जाते, कारण समांतर जीवांच्या मधले दोन्हीकडचे कंस सारखे असतात. रेघ समांतर राहिली म्हणून कोन बदलला नाही. तो फक्त प वरून १२ वर, म्हणजे परिघावर आला. आता त्याच्यासमोर ५ ते ९ असा एकच कंस आहे. त्यात जुने ९० आहेतच, शिवाय वरचे ३० अंश खाली येऊन त्यांना चिकटले. एकूण १२०, आणि परिघावरून निम्मे, म्हणजे ६०. बेरीज नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते. (जाता जाता : ४-५, ३-६, २-७ आणि १-८ या रेघा जोडून पाहा. सगळ्या समांतर, आणि आकड्यांची बेरीज दरवेळी ९. १२-९ आणि ११-१० यांची बेरीज २१ येते, पण घड्याळात २१ वाजणे म्हणजे रात्रीचे ९च. नातीला हे सूत्राआधी दाखवा.)

यातच तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर आहे. रेघा दिशा न बदलता कशाही सरकवा, एका कंसातून जितके अंश निघतील तितके समोरच्यात पडतात. बेरीज हलत नाही, म्हणून कोनही हलत नाही. केंद्रापासूनचे अंतर सूत्रातून गळालेले नाही, ते दोन कंसांमधल्या फरकात दडून बसले आहे. बेरजेचे निम्मे म्हणजे शेवटी सरासरीच. छेदनबिंदू केंद्रात नेला की दोन्ही कंस ६०-६० होतात, सरासरी ६०, आणि घड्याळाच्या काट्यांचा नेहमीचा नियम परत येतो. बिंदू परिघावर नेला की एक कंस शून्य होतो आणि निम्म्याचा नियम उरतो. मुले हे दोन नियम वेगवेगळे पाठ करतात, त्याचे मला नेहमी नवल वाटते.

आणखी एक गल्लत हमखास होते. छेदणाऱ्या जीवांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे येतात, हे प्रमेय वेगळे. युक्लिडच्या त्याच भागात ते ३५वे विधान आहे. त्यातली एक जीवा व्यास असून दुसरीला काटकोनात छेदते, हा खास प्रकार आर्यभटानेही दिला आहे. पण ते लांबीबद्दल बोलते, कोनाबद्दल नाही. आर्यभटाचे नाव निघालेच आहे तर, 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. कंस हे धनुष्य, म्हणून त्याला चाप म्हणत. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्यापर्यंतचे अंतर तो शर. हाच 'जीवा' शब्द अरबीत 'जिबा' झाला, तिथे तो 'जैब' असा वाचला गेला, त्याचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले, आणि नातीच्या त्रिकोणमितीच्या धड्यात तो 'साइन' होऊन परतला आहे.

आता तेच चार आकडे घेऊन रेघा बदला. १२ पासून ८ पर्यंत एक, १ पासून ५ पर्यंत दुसरी. या तबकडीत छेदतच नाहीत. पट्टीने वर वाढवा, म्हणजे तबकडीबाहेर भेटतील. सरकवण्याची युक्ती इथेही चालते. १२-८ ही रेघ समांतर ठेवून १ वर आणा. खालचे टोक या वेळी ८ वरून ७ वर येते, म्हणजे ३० अंश जमा होण्याऐवजी वजा होतात. ५ ते ७ हे ६० अंश, त्यांचे निम्मे ३०. तुम्ही शोधत होता ते ३० अंश अखेर तबकडीबाहेर सापडले. पण हे नातीला विजयाच्या सुरात सांगू नका. ९० मधून ३० वजा करून निम्मे केले की योगायोगाने ३०च उरतात. ८ऐवजी ९ घेतला असता तर ४५ आले असते, आणि ते तिने लगेच मोजून दाखवले असते.