दाद कुणाकडे मागायची?

आपल्या गावच्या मुली आता कबड्डी, खो-खो खेळायला तालुक्याला जातात. कुणी कुस्तीच्या मातीतही उतरते. आपण त्यांना शिक्षकांच्या हवाली करतो नि निर्धास्त होतो. बहुतेक शिक्षक हा भरवसा राखतात. पण एखाद्याने वाईट हेतूने अंगाला हात लावला तर? मुलगी गप्प बसते. घरी सांगितले तर खेळच बंद होईल, ही तिला भीती.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेतली एक खरी हकीकत ऐका.

तिथे लॅरी नासर नावाचा डॉक्टर होता. मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठात त्याची नोकरी. कसरतीचे खेळ खेळणाऱ्या मुलींची दुखणी तो पाहायचा. देशाच्या संघाचाही तोच डॉक्टर. इलाजाच्या नावाखाली तो मुलींशी घाणेरडे चाळे करी. कधी कधी तर मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असे! मग तिला दिसले कसे नाही, असे तुम्ही म्हणाल. तो मध्ये आड उभा राहायचा.

२०१४ साली एकीने विद्यापीठाकडे तक्रार केली. विद्यापीठाने चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरवले. २०१५ साली खेळाच्या संस्थेने केंद्रीय तपास खात्याला कळवले. खात्याने महिनोन्‌महिने दिरंगाई केली. तेवढ्यात आणखी मुली त्याच्या तावडीत सापडल्या.

राचेल डेनहॉलंडर हिला हा त्रास पंधराव्या वर्षी झाला होता. २०१६ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, ती जुने कागद घेऊन पोलिसांत गेली. वर्तमानपत्रालाही तिने स्वतःचे नाव देऊन सांगितले. तिचे पाहून दुसऱ्या बोलल्या. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींची कैफियत कोर्टाने सात दिवस ऐकली. नासरला ४० ते १७५ वर्षांची कैद झाली. विद्यापीठाने ५० कोटी डॉलर भरपाई कबूल केली. तपास खात्याच्या दिरंगाईपायी २०२४ साली सरकारलाही सुमारे १४ कोटी डॉलर द्यायचे कबूल करावे लागले.

आता आपला कायदा पाहू. २०१२ साली पोक्सो नावाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालची मुलगी असो की मुलगा, दोघांनाही तो लागू आहे. असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवलेच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने तो दडपला तर त्यालाही शिक्षा आहे. तेव्हा ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या अध्यक्षाचे ऐकू नका.

मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचा जबाब तिच्या घरीही घेता येतो. शक्यतो बाई अधिकारीच तो घेते, तीही साध्या कपड्यांत. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवावा. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाता येते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. ती बायकांना नि मुलांना फुकट वकील देते. १०९८ या नंबरावर फोन केला तरी मुलांसाठी मदत मिळते.

कोण, कुठे, कोणत्या दिवशी, काय बोलला, काय केले, हे लगेच वहीत लिहून ठेवा. अक्षर वाकडेतिकडे आले तरी चालेल. आणि अर्जाची एक नक्कल घरी पेटीत ठेवा.