आधी मॅरेथॉन की आधी रक्तदान?

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, वजन ५२ किलो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पहिल्यांदाच पूर्ण अंतर धावायचं ठरवलंय आणि त्याचा सराव सुरू केलाय. आमच्या मंडळाचं गणेशोत्सवात रक्तदान शिबिर असतं. कार्यकर्ते म्हणतात, ‘चोवीस तासांत रक्त भरून येतं, कर्तव्य म्हणून ये.’ धावणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, ‘वर्षाची मेहनत वाया जाईल.’ आत्या तर म्हणते, मुलींनी रक्त देऊच नये. मी नाही म्हटलं तर ते स्वार्थी ठरेल का?

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं चुकतंय. स्वार्थाचा मुद्दा जरा बाजूला ठेवू, कारण आधी गणित मांडलं तर तो कदाचित उरणारच नाही.

आपल्या शरीरातलं रक्त साधारण किलोमागे ६५ ते ७० मिलिलिटर असतं. म्हणजे तुमच्या अंगात साडेतीन लिटरच्या आसपास. ४५ किलोंच्या वरच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर घेतात आणि ५५ च्या वर वजन असेल तर ४५० घेता येतं. तुमचे ३५० जातील, म्हणजे सुमारे एक दशांश.

हा दशांश भरून येतो, पण टप्प्याटप्प्यानं. पाणी आणि प्रथिनांचा जो पातळ भाग, तो एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. कार्यकर्त्यांचे ‘चोवीस तास’ आले ते इथून. त्यांचं बोलणं खोटं नाही, अर्धवट आहे. पातळ भाग भरला की रक्ताचं माप पूर्ण होतं, पण त्यातल्या तांबड्या पेशी कमीच असतात. आमटीत पाणी वाढवून पातेलं भरावं तसं.

तांबड्या पेशींचं काम प्राणवायू वाहून नेण्याचं. त्या कमी झाल्याचं मूत्रपिंडांना कळतं आणि ती अस्थिमज्जेला ‘उत्पादन वाढवा’ असा निरोप धाडतात. नव्या पेशी तयार व्हायला लागतात, पण तूट भरून निघायला काही आठवडे लागतात. तोवर जिना चढताना, भाजी आणताना, ऑफिसात बसताना काहीही जाणवत नाही, कारण या कामांना आपली पूर्ण क्षमता कधीच लागत नाही. ती लागते ती लांब पल्ला वेगानं धावताना. म्हणून रक्तदानानं ‘अशक्तपणा येतो’ हे चूक, आणि धावणाऱ्याला काहीच फरक पडत नाही हेही चूक. पहिले दोन-तीन आठवडे तुमचा नेहमीचा वेग जड वाटेल, नंतर हळूहळू सुटेल. काही धावपटूंची उलटीच समजूत असते, की ताज्या रक्तामुळे दमसास वाढतो. तसं नाही. शरीर फक्त गेलेलं परत आणतं, वर व्याज देत नाही.

आता सर्वांत संथ हिशेब, लोहाचा. तुमच्या ३५० मिलिलिटरमधून दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. जेवणातून रोज अंगी लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही काही रोजच्या झिजेत खर्च होतं. स्त्रियांचं दर महिन्याला पाळीतूनही जातं. म्हणूनच आपल्याकडे दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर ठेवलं आहे. आत्यांच्या म्हणण्याला आधार असेल तर इतकाच. मुलींनी देऊ नये असं नाही, जरा जास्त अंतरानं द्यावं. शिवाय हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं आणि ते मोजल्याशिवाय कुणी सुई टोचत नाही.

जाता जाता एक. लोह वाढावं म्हणून बीट आणि डाळिंबावर भिस्त ठेवू नका. त्यांचा रंग लाल आहे, एवढंच. हळीव, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या खा, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण चहा लोह अडवतो. शिबिरात रक्त दिल्याबरोबर मात्र चहा-बिस्किटंच हातात ठेवतात. तेवढी खुशाल घ्या, त्या वेळी पोटात काहीतरी जाणं महत्त्वाचं.

आता कॅलेंडर उघडा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी असते. गणेशोत्सव ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मध्ये चार महिने तरी मिळतात, म्हणजे तुमचे १२० दिवस. हिमोग्लोबिन ठीक असेल तर मंडळाच्या शिबिरात निर्धास्त द्या. त्या दिवशी धावू नका, पुढचा आठवडा हलका ठेवा. त्यानंतर मात्र शर्यत होईपर्यंत नाही म्हणा. ते स्वार्थात मोडत नाही. पुढची पिशवी मे महिन्यात द्या.

मे महिनाच का? कारण रक्तपेढीची खरी अडचण एकूण दात्यांची तितकी नसते, जितकी तारखांची असते. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण आठ आठवडे जातात, म्हणजे उत्सवात दिलेली पिशवी दिवाळीला उपयोगाची राहत नाही. उत्सवात आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रांगा लागतात. दिवाळीत आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, शिबिरं थंडावलेली. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, सुट्टी असो वा नसो. तुमची शर्यत जानेवारीत आणि रक्ताची टंचाई मेमध्ये, याहून सोयीचं काय हवं!

आणि शर्यतीच्या आठ दिवस आधी ‘तातडीनं रक्त हवं’ असा फोन आला तर? आधी विचारा की रक्तगट कोणता आणि पेढीत साठा नाही का. नेहमीचा गट असेल तर पेढीनं तो साठ्यातून द्यायचा असतो. त्या बदल्यात नातेवाइकांनी दाता उभा करावा, ही सवय जुनी आहे, पण राष्ट्रीय धोरण ऐच्छिक दानाच्याच बाजूचं आहे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदीच आली. अशा वेळी दुसऱ्या दोघा-चौघांना फोन लावून दिलात तरी काम होतं.

गट दुर्मीळ असेल तर माझं उत्तर बदलतं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात दहा हजारांत साधारण एकाचा असतो, आणि त्या रुग्णाला त्याच गटाचं रक्त चालतं, ‘ओ’ गटाचंसुद्धा चालत नाही. तुमचा गट तो असेल आणि फोन आला, तर बूट काढून ठेवा. मॅरेथॉन पुढच्या वर्षीही आहे.

राहिला कर्तव्याचा प्रश्न. राज्यघटनेच्या ५१ अ कलमात नागरिकांची अकरा कर्तव्यं दिली आहेत, त्यांत रक्तदान नाही. ते ऐच्छिक आहे आणि तसंच राहावं. आग्रहाखातर आलेला दाता एखादा आजार किंवा चालू औषध लपवण्याची शक्यता असते, आणि त्याचा त्रास घेणाऱ्याला होतो.

तुमच्या मंडळासाठी एक विनंती. यंदा शिबिरात जेवढी नावं येतील त्यांतल्या निम्म्या दात्यांचं रक्त तेव्हा घेऊ नका, फक्त फोन नंबर लिहून ठेवा आणि त्यांना दिवाळीच्या आठवड्यात थेट रक्तपेढीत पाठवा. तुम्ही तेव्हा सरावात असाल, पण फोन करायला हिमोग्लोबिन लागत नाही.