वाढत्या रत्नागिरीसाठी हरितपथ

पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी आणि पूर्वेस जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, अशा चौकटीत रत्नागिरी शहर वसले आहे. १८७६ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा वस्ती प्रामुख्याने किनाऱ्यालगत आणि सड्याच्या उतारावर होती. पुढे शहर माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप असे वर चढत गेले. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि कुवारबावच्या दिशेने होणाऱ्या वाढीस वेग आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. लगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत पसरलेली वस्ती निराळीच.

शहर वाढले की रस्ते रुंद होतात, वाहने वाढतात. या वाढीत एक घटक मात्र हळूहळू मागे पडतो, तो म्हणजे पायी चालणारा नागरिक. शाळेत जाणारी मुले, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या मासळी विक्रेत्या, सायंकाळी फिरावयास निघणारे वृद्ध या सर्वांना वाहनांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून नगररचनेच्या क्षेत्रात ‘हरितपथ’ ही कल्पना पुढे आली आहे.

हरितपथ म्हणजे काय?

उद्यान ही एक जागा असते. हरितपथ ही जागांना जोडणारी वाट असते. ओढ्याचा काठ, खाडीची कड, टेकडीचा उतार, जुनी पायवाट अशा मोकळ्या पट्ट्यांतून झाडांच्या सावलीत चालण्याचा सलग मार्ग आखला, की त्यास हरितपथ म्हणता येते. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यानांची अशी एक माळच गुंफली. सिंगापूरचे उदाहरण कोकणाला अधिक जवळचे आहे. तेथेही मुबलक पाऊस पडतो आणि जमीन अपुरी आहे. म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील शासनाने पावसाळी नाल्यांच्या कडेला राखून ठेवलेल्या पट्ट्यांतूनच पादचारी मार्ग काढले. आज या मार्गांची एकूण लांबी तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. नवी जमीन फारशी न घेता, हाती असलेल्या जमिनीचा दुहेरी उपयोग कसा करावा, याचा हा वस्तुपाठ होय.

पाखाडी : कोकणचा स्वतःचा पायमार्ग

रत्नागिरीस हा विचार सर्वस्वी नवा नाही. जांभ्याचे चिरे बसवून केलेली पाखाडी हा कोकणातील पायमार्गाचा जुना प्रकार आहे. वाडीतून देवळाकडे, विहिरीकडे आणि खालच्या आळीतून वर सड्याकडे अशा पाखाड्यांनीच माणसे ये-जा करीत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांवर वाकलेली आंबा-फणसाची सावली आणि कडेने वाहणारा पऱ्या, असे तिचे रूप असे. मोटाररस्ता चढ टाळण्यासाठी वळसा घेतो. पाखाडी तोच चढ थोड्या अंतरात पार करते.

अशा पाखाड्यांचे अस्तित्व पुष्कळदा केवळ वहिवाटीवर अवलंबून असते. नकाशात नोंद नसली, तर जमिनीचे हस्तांतर होताच कुंपण पडते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका दिवसात बंद होते. एकदा तेथे इमारत उभी राहिली, की ती वाट पुन्हा मिळत नाही. म्हणून उतारावरील पायवाटांची पाहणी करून त्यांची नकाशावर नोंद करणे, हे हरितपथाच्या कामातील पहिले आणि सर्वांत कमी खर्चाचे पाऊल ठरते.

तीन नैसर्गिक दिशा

रत्नागिरीच्या भूरचनेकडे पाहिले असता हरितपथाच्या तीन दिशा सहज दिसतात.

पहिली समुद्रकाठाची. मांडवीच्या किनाऱ्यापासून रत्नदुर्गाच्या पायथ्यापर्यंतचा परिसर इतिहास आणि निसर्ग या दोहोंनी संपन्न आहे. मात्र मिरकरवाडा हे मासेमारीचे गजबजलेले बंदर आहे. तेथे जाळी सुकविणे, मासळी उतरविणे ही कामे अखंड चालतात. फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी कष्टकऱ्यांची जागा आक्रसता कामा नये, हे पथ्य येथे पाळावे लागेल.

दुसरी खाडीकाठाची. १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा, त्याजवळील थिबा पॉइंट, खाली राजिवडा, भाट्ये पूल आणि पलीकडचे सुरूबन ही स्थळे आज वाहनाने एकेक करून पाहिली जातात. चालण्याच्या वाटेने ती एकमेकांस जोडता येतील. खाडीतील कांदळवनास सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे. त्यामुळे तेथे भराव न घालता, काठापासून योग्य अंतर राखूनच मार्ग आखावा लागेल.

तिसरी सड्याची. उन्हाळ्यात उजाड भासणारा कातळ पावसाळ्यात तेरडा, कवला, सीतेची आसवे अशा फुलांनी भरून जातो. कोकणातील अशाच सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आढळली असून २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. सड्याला हिरवा करण्याच्या हेतूने कातळ फोडून झाडे लावणे म्हणजे त्याचे मूळ वैभव नष्ट करणे होय. येथे केवळ आखलेली पायवाट आणि माहितीफलक पुरेसे आहेत.

पाऊस, वारा आणि वृक्ष

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि त्या निसरड्या होतात. चिऱ्यांचा पृष्ठभाग खरबरीत ठेवणे, वरून येणारे पाणी आडव्या चराने बाजूच्या गटारात वळविणे आणि तीव्र उतारावर आधारासाठी कठडा बसविणे, हे उपाय आवश्यक ठरतात. मार्ग सिमेंटने सलग झाकला तर पाणी जमिनीत मुरत नाही आणि पायथ्याच्या विहिरींना त्याची झळ पोहोचते. सांधे मोकळे ठेवून बसविलेले चिरे या दृष्टीने हितकारक होत.

वृक्षांची निवड विचारपूर्वक व्हावी. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्याच्या उत्तर भागातील बागांची मोठी हानी केली. किनाऱ्यालगत उंडी, करंज आणि भेंड, तर उतारावर बकुळ, सुरंगी, जांभूळ आणि रातांबा ही येथील मातीची झाडे लावावीत. त्यांची सावली, फुले आणि फळे माणसांना तशीच पक्ष्यांनाही उपयोगी पडतात.

कायद्याचा आधार

या कामास लागणारी साधने कायद्यात उपलब्ध आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत मोकळ्या जागा व मार्ग आरक्षित करता येतात. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनासाठी १९७५ चा अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून विशेष स्थान दिले. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आज या जागा विखुरलेल्या राहतात. अभिन्यास मंजूर करतानाच त्या एकमेकींना लागून येतील अशी दक्षता घेतली, तर हरितपथाचा काही भाग निराळ्या भूसंपादनाशिवाय आकारास येऊ शकेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार निवासी भागात पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी. पायऱ्यांच्या मार्गालगत शक्य तेथे सौम्य उताराची वाटही असावी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही त्याचा लाभ घेता येईल.

लोकांचा वाटा

मार्ग बांधणे हे शासनाचे व नगरपरिषदेचे काम. तो जिवंत ठेवणे हे नागरिकांचे. शाळांनी वृक्षांची नोंद ठेवावी, मंडळांनी एकेका पाखाडीची स्वच्छता अंगावर घ्यावी, जाणत्या वृद्धांनी जुन्या वाटा दाखवून द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचविला आहे. घरापासून बाजारापर्यंत सुरक्षित आणि सावलीची वाट असेल, तर हा व्यायाम नित्याच्या व्यवहारातच घडून येतो. रत्नागिरीच्या पूर्वजांनी चिरा चिरा रचून अशा वाटा घडविल्या. त्या कुंपणाआड जाण्यापूर्वी नकाशावर आल्या, तर शहराच्या पुढील विस्तारात पायी चालणाऱ्यालाही त्याचे हक्काचे स्थान लाभेल.